पंचेचाळीस दिवसांनंतर लाल

अंबरनाथ एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून औद्योगिक पट्ट्यांना सुट्टीचे वार वाटून देण्याची पद्धत पडली आणि कल्याण-डोंबिवली-अंबरनाथच्या वाट्याला शुक्रवार आला. इथे रविवारी लेथ चालते, रिअ‍ॅक्टर तापतो, गेटवर टेम्पो उभे असतात. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला हजेरीचा तयार तक्ता मात्र शनिवार-रविवारच्या रकान्यांना करडा रंग देऊनच येतो. रविवारी सगळे कामावर आणि रकाना सुट्टीच्या रंगात! पगाराच्या आदल्या दिवशी ओव्हरटाइम मोजायला बसलेला माणूस मग त्या रंगावर भरवसा ठेवून घोळ करतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. तक्त्यातला तो करडा रंग कुणी हाताने भरलेला नसतो. त्यामागे ‘वीकडे’ या फंक्शनचा नियम असतो. नेहमीच्या मोजणीत रविवार म्हणजे १ आणि शनिवार म्हणजे ७, त्यामुळे शुक्रवारचा आकडा ६. नियमात ‘१ किंवा ७’ आहे तिथे ‘६’ लिहिलं की सगळा महिना अंबरनाथच्या पंचांगावर येतो. कामाचे दिवस मोजायचे असतील तर ‘नेटवर्कडेज डॉट इंटल’ या फंक्शनला सुट्टीच्या जागी १६ हा संकेत द्यायचा. फक्त शुक्रवारच्या सुट्टीसाठी तोच ठरलेला आहे.

या सोयीला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. आधी अट लिहायची. अट खरी ठरली की सेल आपोआप रंगते, खोटी ठरली की रंग जातो. एमआयडीसीतल्या छोट्या-मध्यम कारखान्यांची बरीच कामं आज ऑनलाइन शीटवर चालतात. उधारी, जॉबवर्कची चलनं, डिस्पॅच, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या इटीपीची रीडिंग, गेजचं कॅलिब्रेशन, लायसन्सच्या मुदती, या प्रत्येक शीटमध्ये लाल-पिवळ्या-हिरव्याचा खेळ चाललेला असतो. ‘ती लाइन लाल झाली बघ’ हे वाक्य ऑफिसात सर्रास ऐकू येतं. लाल का झाली, असं विचारलं की मात्र पुष्कळदा उत्तर येतं, ‘आधीच्या मुलाने बनवलंय.’

लाल शाईपासून तीन अटींपर्यंत

कागदी वह्यांच्या काळातही हा रंग होताच. थकलेल्या खात्यापुढे लाल शाईची खूण, तपासलेल्या ओळीपुढे हिरवी टिक आणि साहेबांचा शेरा वेगळ्या पेनाने. फरक इतकाच की ती खूण माणूस करायचा, आणि करायची हे त्याच्या लक्षात राहावं लागायचं.

संगणकावर तक्ता आला तो १९७९ साली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी अ‍ॅपल टू या संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ बनवलं. १९८३मध्ये लोटस १-२-३ आलं, १९८५मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आणि दोन वर्षांनी विंडोजवर. तरीही रंग हातानेच भरावा लागायचा. अटीवर रंग बदलण्याची सोय एक्सेलमध्ये ‘एक्सेल ९७’ने आणली आणि तीही बेताची होती. एका सेलला जास्तीत जास्त तीन अटी देता यायच्या. ही मर्यादा २००७च्या आवृत्तीत उठली आणि सोबत डेटा बार, कलर स्केल, बाणांची आणि दिव्यांची चिन्हं आली. गुगलने २००६मध्ये ऑनलाइन तक्ता आणला. पुढे त्यात स्वतःचं सूत्र लिहून रंग ठरवण्याची मुभा मिळाली आणि खरा उपयोग तिथून सुरू झाला. चेन्नईच्या झोहोचा तक्ताही याच वाटेने गेला.

ऑनलाइन असल्याचा एमआयडीसीला मोठा फायदा झाला. आनंदनगरमधला प्लॉट, मोरिवलीतला गाळा, बदलापूरच्या माणकिवलीतलं गोदाम आणि मालकाचं घर अशा चार जागी एकच शीट उघडी राहते. गेटवरच्याने गाडी सुटल्याची वेळ टाकली की ऑफिसातली ओळ हिरवी होते, कुणाला फोन करावा लागत नाही.

उधारीची शीट

छोट्या युनिटचा जीव उधारीत अडकलेला असतो. माल गेला, बिल गेलं, पैसे कधी येणार ते पार्टीच्या मर्जीवर. कायदा मात्र मर्जीवर सोडत नाही. २००६च्या एमएसएमईडी कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला द्यायचे आणि ती तारीखही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यापुढे सोळाव्या कलमाने व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ. तक्रारीसाठी २०१७मध्ये केंद्राने ‘समाधान’ पोर्टल आणलं.

एवढं असूनही मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला छोटा पुरवठादार धजत नाही, पुढची ऑर्डर जाईल या भीतीने. २०२३च्या वित्त कायद्याने मग दुसऱ्या बाजूने चाप लावला. आयकर कायद्याच्या ४३बी कलमात ‘एच’ हा खंड आला आणि २०२३-२४ या वर्षाच्या हिशेबापासून लागू झाला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळते. मार्च जवळ आला की सीए आपल्या अशिलांकडे पुरवठादारांच्या थकबाकीची यादी मागू लागले ते यामुळेच. जीएसटीत आणखी एक मुदत आहे. बिलापासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.

म्हणजे एकाच बिलावर १५ किंवा ४५ दिवसांची एक आणि १८० दिवसांची दुसरी अशा मुदती लागू होऊ शकतात. शंभर-दोनशे बिलांच्या त्या मुदती डोक्यात ठेवणं कुणालाही जमणार नाही. कंडिशनल फॉरमॅटिंग नेमकं इथे उपयोगी पडतं.

आता शीट जवळून पाहू. ए कॉलममध्ये बिल नंबर, बी मध्ये पार्टी, सी मध्ये माल स्वीकारल्याची तारीख, डी मध्ये लेखी करार आहे की नाही, ई मध्ये देय तारीख, एफ मध्ये पैसे आल्याची तारीख आणि जी मध्ये रक्कम. सी मध्ये बिलाची तारीख घालू नये. कायद्याचे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजले जातात. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा मानतात. ई मध्ये साधं सूत्र लिहायचं. सी रिकामा असेल तर रिकामं, करार असेल तर सी अधिक ४५, नसेल तर सी अधिक १५. करारात कमी दिवस ठरले असतील तर ते.

आता रंगाचा नियम. ए दोनपासून जी कॉलमच्या शेवटापर्यंतची पट्टी निवडायची, फॉरमॅट मेन्यूतून कंडिशनल फॉरमॅटिंग उघडायचं आणि अटींच्या यादीत अगदी खाली असलेलं ‘कस्टम फॉर्म्युला’ घ्यायचं. एमआयडीसीत हे सूत्र बहुधा फोनवर सांगितलं जातं आणि ते साधारण असं असतं: ‘इक्वल टू. अँड. कंस उघड. डॉलर ई टू, लेस दॅन, टुडे, कंस उघड-बंद. स्वल्पविराम. डॉलर ई टू, नॉट इक्वल टू, दोन अवतरणं, मध्ये काही नाही. स्वल्पविराम. डॉलर एफ टू, इक्वल टू, दोन अवतरणं, मध्ये काही नाही. कंस बंद.’ अर्थ एवढाच की देय तारीख उलटली, देय तारीख लिहिलेली आहे आणि पैसे आल्याची तारीख नाही, तर लाल.

यात डॉलरचं चिन्ह फार मोलाचं आहे. ते कॉलमच्या अक्षराआधी लावलं की पूर्ण ओळ रंगते, कारण ओळीतली प्रत्येक सेल ई आणि एफ याच कॉलमांकडे पाहते. ते विसरलं की बी मधली सेल भलत्याच कॉलमशी तुलना करते आणि शीटवर लाल ठिपक्यांची नक्षी उमटते. आकड्याआधी मात्र डॉलर लावायचा नाही, नाहीतर सगळ्या ओळी दुसऱ्या ओळीवर अवलंबून राहतील. सूत्र पट्टीतल्या सगळ्यात वरच्या, डावीकडच्या सेलच्या नजरेने लिहायचं असतं, एवढं समजलं की अर्धं काम झालं.

दुसरा नियम पिवळ्याचा: देय तारखेला दहा किंवा कमी दिवस उरलेत आणि पैसे आलेले नाहीत. तो लालच्या खालीच ठेवायचा. गुगलची शीट नियम वरून खाली तपासते आणि दोन नियमांत टक्कर झाली तर वरचा जिंकतो. मुदत उलटलेल्या बिलाचे उरलेले दिवस उणे असतात, म्हणजे दहापेक्षा कमीच. पिवळा नियम वर असला तर चार महिने थकलेलं बिलही पिवळंच दिसेल आणि वसुलीवाला निवांत राहील.

शीट कुठे चुकते

बिघाडाच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा कोऱ्या ओळींची. घाईत कुणी ‘आज वजा सी, पंचेचाळीसपेक्षा जास्त’ एवढंच लिहितो आणि खालच्या हजार कोऱ्या ओळी एकदम लाल होतात. तक्त्याच्या लेखी तारीख म्हणजे एक आकडा असतो, १८९९च्या ३० डिसेंबरपासून मोजलेले दिवस. आजचा आकडा ४६ हजारांच्या आसपास आहे. रिकाम्या सेलची किंमत शून्य धरली जाते, त्यामुळे त्या कोऱ्या ओळी शीटच्या हिशेबाने ४६ हजार दिवस थकलेल्या असतात.

दुसरी जागा तारखेतल्या टिंबांची. आपल्याकडे १५.०३.२०२५ असं लिहायची जुनी सवय आहे. बहुतेक वेळा तक्ता याला तारीख न मानता मजकूर मानतो. मजकुरातून दिवस वजा होत नाहीत, सूत्र चुकतं, आणि चुकलेलं सूत्र म्हणजे खोटी अट म्हणून रंगच लागत नाही. सगळ्यात जुनी थकबाकी पांढरीशुभ्र राहते. शीटचं लोकॅल, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ती सेटिंग, अमेरिकेचं असेल तर आणखी गंमत होते. ०३/०४ हे आपलं ३ एप्रिल, तिथे ते ४ मार्च होतं आणि ओळ महिनाभर आधीच लाल होते. फाइलच्या सेटिंग्जमध्ये लोकॅल भारत करून घ्यायचं आणि तारखेच्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावायचं, म्हणजे तारखेखेरीज काही आत जाणार नाही.

तिसरी जागा टाइम झोनची आणि ती पटकन सापडत नाही. शीटचा टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला असेल, तर तिचा ‘आज’ आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला उजाडतो. सकाळच्या पाळीत शीट पाहणाऱ्याला मुदत संपलेलं ई-वे बिल तोवर चालू दिसतं. आणि ई-वे बिलाची मुदत असते किती? नेहमीच्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस.

चौथी जागा कॉपी-पेस्टची. दुसरीकडून ओळी उचलून चिकटवल्या की त्यांच्यासोबत नियमही येतात आणि मूळ पट्टीचे तुकडे पडतात. वर्षभराने पॅनेल उघडावं तर एकाच नियमाच्या डझनभर आवृत्त्या, कुठे ओळ २ ते ४०, कुठे ४२ ते ९७. एकेचाळिसावी ओळ कुणाचीच नाही. म्हणून कंट्रोल-शिफ्ट-व्ही, म्हणजे फक्त मूल्य चिकटवणं, ही सवय एंट्री करणाऱ्या प्रत्येकाला लावायला हवी.

रेड कॅटेगरीच्या गावात

एमआयडीसीला रंगांची भाषा शीटनेच शिकवली असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६मध्ये उद्योगांची वर्गवारी प्रदूषण निर्देशांकावर बसवली. त्या वर्गवारीत ६० किंवा जास्त असेल तर रेड, ४१ ते ५९ ऑरेंज, २१ ते ४० ग्रीन आणि २०पर्यंत व्हाइट असे टप्पे होते. ‘आमचं युनिट रेड कॅटेगरीतलं’ हे वाक्य त्यामुळे इथे रोजच्या बोलण्यातलं आहे. तेही एका परीने अटीवर लावलेले रंगच. फरक असा की त्या अटी छापील आहेत, कुणी ठरवल्या हे माहीत आहे आणि त्या बदलल्या तर जाहीर होतं.

अंबरनाथमधून वाहणारी वालधुनी शिवमंदिराजवळून पुढे उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते. तिच्या पाण्याचा प्रश्न हरित लवादापर्यंत गेलेला आहे. इथल्या रसायन आणि औषध कारखान्यांत इटीपीच्या लॉगकडे म्हणूनच बारीक लक्ष असतं. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं पर्यावरण संरक्षण नियमांत दिलेली आहेत: पीएच ५.५ ते ९, सीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅम, बीओडी ३०, तरंगते घन पदार्थ १००, तेल-ग्रीस १०. प्रत्येक युनिटला आपल्या संमतीपत्रातल्या मर्यादा पाळाव्या लागतात.

हा लॉग शीटवर ठेवला की नियम सोपा दिसतो. सीओडी २५०च्या वर गेला की लाल. पण २५१वर लाल होऊन काय साधणार? तोवर पाणी बाहेर पडलेलं असेल. ऑपरेटरला हात-पाय हलवायला वेळ हवा असेल तर २००च्या आसपास पिवळा लागला पाहिजे. तो आकडा कायदा देत नाही. आपल्या टाकीत पाणी किती वेळ थांबतं आणि चढ किती वेगाने होतो, हे बघून प्लँटमधल्या माणसाने तो ठरवायचा असतो. चांगल्या शीटची खरी मेहनत या पिवळ्या आकड्यात असते. इथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘२५० मिलिग्रॅम’ असं एककासकट टाइप केलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि मग नियम त्याच्याशी कसा वागेल याचा भरवसा नाही. एकक कॉलमच्या मथळ्यात लिहावं, सेलमध्ये फक्त आकडा.

रात्रपाळीचं रीडिंग घेतलंच नाही तर? सेल रिकामी, रंग नाही, सगळं आलबेल. तक्ता फक्त आलेल्या आकड्याला रंग देतो. न आलेल्या आकड्याचं काय होतं याचा धडा इंग्लंडने २०२०च्या ऑक्टोबरमध्ये घेतला. एक्सेलच्या जुन्या फाइलप्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. त्यामुळे कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या यादीतून गळाले आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध उशिरा सुरू झाला. अंबरनाथच्या लॉगला यावर साधा उपाय आहे: ठरलेली वेळ उलटली आणि सेल रिकामी असेल तर जांभळा. न घेतलेलं रीडिंगही मग सकाळच्या साहेबांना दिसतं.

औषध कारखान्यांचं गणित वेगळं आहे. अमेरिकेला माल पाठवणाऱ्याला तिथल्या औषध प्रशासनाचा ‘२१ सीएफआर पार्ट ११’ हा १९९७चा नियम पाळावा लागतो. कोणी, कधी, काय बदललं याची पक्की नोंद आणि पडताळणी झालेली प्रणाली त्यात अपेक्षित आहे. कुणीही लिंक उघडून बदलू शकेल अशी शीट बॅचच्या नोंदींसाठी चालत नाही. डिस्पॅचचं वेळापत्रक किंवा कॅलिब्रेशनची आठवण शीटवर ठेवा. गुणवत्तेची मूळ नोंद तिच्या जागीच राहिली पाहिजे.

लाल घालवण्याचे दोन मार्ग

रंग म्हणजे माहिती नव्हे, हेही पक्कं लक्षात ठेवावं. ‘लाल ओळी किती?’ असं मोजणारं तयार फंक्शन शीटमध्ये नाही. रंगानुसार फिल्टर लावता येतो, पण महिनाअखेरच्या अहवालात थकलेली बिलं मोजायची असतील तर तीच अट ‘काउंटइफ्स’मध्ये पुन्हा लिहावी लागते. त्यापेक्षा ‘स्थिती’ नावाचा कॉलम करावा, त्यात सूत्राने ‘थकीत’, ‘जवळ आलं’, ‘जमा’ असे शब्द आणावेत आणि रंग त्या शब्दांवर लावावा. मोजणीही सोपी होते, काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्येही अर्थ शाबूत राहतो. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही त्यांचीही सोय होते. असा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो आणि शॉप फ्लोअरवर पुरुषच अधिक आहेत.

रंगही मोजकेच हवेत. गुगलच्या शीटमध्ये नवा नियम उघडला की ‘सेल रिकामी नसेल तर फिकट हिरवा’ हा प्रस्ताव तयारच असतो. न वाचता ‘डन’ दाबणाऱ्यांमुळे किती शीट विनाकारण हिरव्या झाल्या असतील! सात-आठ रंगांची शीट पहिल्या दिवशी देखणी वाटते, पंधरवड्याने कुणी तिच्याकडे पाहत नाही. ज्या रंगावर कुणाला काही करायचं नसतं तो रंग काढून टाकावा.

शेवटचा मुद्दा प्रामाणिकपणाचा. लाल ओळ पांढरी करण्याचे दोन मार्ग आहेत: पैसे वसूल करणं किंवा रंगाच्या नियमातली अट सैल करणं. दुसरा मार्ग दहा सेकंदांचा आहे, आणि पॅनेल उघडल्याखेरीज तो कुणाला दिसत नाही. सेलमधला आकडा बदलला तर त्या सेलच्या इतिहासात नाव येतं, अट बदलली तर तिथे काहीच उमटत नाही. म्हणून मर्यादा नियमात दडवू नयेत. ‘नियम’ नावाचं वेगळं टॅब करावं. त्यात मर्यादा, ती कशावरून आली, कुणी ठरवली आणि कोणत्या तारखेपासून, एवढं लिहावं. टॅब प्रोटेक्ट करून मालक आणि एका जबाबदार माणसाकडेच ठेवावं. रंगाच्या सूत्रातून दुसऱ्या टॅबचा सरळ उल्लेख चालत नाही, तो ‘इनडायरेक्ट’ फंक्शनमधून करावा लागतो. तेवढा द्राविडी प्राणायाम जरूर करावा.

कारखान्याचे बरेचसे नियम आजवर जुन्या अकाउंटंटच्या किंवा फोरमनच्या डोक्यात होते. तो रजेवर गेला की नियमही रजेवर. कंडिशनल फॉरमॅटिंगचा खरा फायदा म्हणजे ते नियम लिहून काढायला ते भाग पाडतं. कुठल्या दिवशी बिल थकलं म्हणायचं, कुठल्या आकड्याला पंप बंद करायचा, गेज किती दिवस आधी कॅलिब्रेशनला पाठवायचं, या प्रश्नांची उत्तरं एकदा सगळ्यांसमोर ठरवावी लागतात. ती ठरली नसतील तर शीट कितीही रंगवा, उपयोग शून्य.

लक्ष्मीपूजनाला आता वहीशेजारी लॅपटॉपही ठेवला जातो. पूजा झाली की त्याच लॅपटॉपवर आपली उधारीची शीट उघडा, उजवीकडचं नियमांचं पॅनेल पाहा आणि ‘नियम’ टॅबमध्ये प्रत्येक नियमापुढे तो कुणी आणि कशासाठी लावला ते लिहा. ज्याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही तो नियम त्याच दिवशी काढून टाका.